सातव्या खंडाची पाठ

दुकानात शिकलंसवरलेलं गिऱ्हाईक आलं की तात्या त्याला एक प्रश्न हटकून विचारत. आधी पुस्तक उलटून पालटून बघत, किती दिवस लागतील ते सांगत, आणि गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की मागून हाक मारत, "अहो, जाता जाता एक सांगा. देवमासा झोपतो कसा?"

गिऱ्हाईक हसे. कोणी म्हणे, डोळे मिटून. कोणी म्हणे, आमच्या हेडक्लार्कसारखा, बसल्या जागी. गुरांच्या डॉक्टरांनी तर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, "माझ्याकडे अजून एकही आणलेला नाही." तात्याही हसत आणि कामाला लागत. त्यांच्या मुलीला वाटे, हा म्हाताऱ्याचा ठेवणीतला विनोद. लहानपणापासून ऐकून ऐकून तिच्या कानाला त्याची घट्टे पडल्यासारखी सवय झाली होती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे उजेडात मोठं टेबल. त्याला लागून लोखंडी शिकंजा. बांधलेलं पुस्तक दोन फळ्यांत धरायचं आणि वरचं चाक फिरवून आवळायचं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ब्रश. मागच्या कोपऱ्यात स्टोव्ह आणि स्टोव्हशेजारी तात्यांचं स्टूल. तात्या एक्याऐंशी वर्षांचे होते. हात कापायला लागल्यापासून सुई आणि सुरी मुलीकडे गेली होती. नवरा दवाखान्यात कंपाउंडर, ती दुकानात, असा त्यांचा संसार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत चालला होता. खळ मात्र अजून तात्यांचीच. रोज सकाळी मैदा गार पाण्यात कालवायचा, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं.

"उकळी बघू नकोस, चकाकी बघ," हे त्यांनी तिला हजारदा सांगितलं होतं.

त्यांचे नियम दोनच. ब्रश आडवा टाकायचा नाही. हातात नसेल तेव्हा तो भांड्यात उभा, नाहीतर खिळ्याला. आणि बांधायला आलेलं पुस्तक वाचायचं नाही. "वाचणाऱ्याची घडी चुकते," असं त्यांचे उस्ताद म्हणत, आणि तेच ते मुलीला म्हणत आले. लहानपणी ती एखाद्या फर्म्यात, म्हणजे शिवणीआधीच्या घडी घातलेल्या छापील पानांत, डोकावताना सापडली की तात्या घडी दाबायची हाडाची पट्टी टेबलावर टक् करून आपटत. आजही कुठे टक् झालं की तिचा हात आपोआप पुस्तक मिटायला जाई.

त्या सोमवारी ग्रंथपालबाई एक पुस्तक कापडात गुंडाळून घेऊन आल्या. ग्रंथालयातल्या बारा खंडांच्या ज्ञानसंग्रहाचा तो सातवा खंड. बाईंनी कापड सोडलं आणि पुस्तकाची कातडी पाठ सालीसारखी अखंड सुटून टेबलावर पडली.

"वाचकानं हातात घेतलं आणि निघालीच हो," बाई म्हणाल्या. "ओढलं नाही, पाडलं नाही. आतमध्ये तुमच्याच दुकानाची चिठ्ठी आहे. बेचाळीस वर्षांपूर्वीची."

तात्या स्टुलावरून उठून आले. त्यांनी पाठ उचलली, उलटी केली, बघितली आणि खाली ठेवली.

"हे माझं काम नाही," ते म्हणाले.

"अहो तात्या, चिठ्ठीवर अक्षर तुमचं आहे," मुलगी म्हणाली.

"चिठ्ठी कुणीही चिकटवतं."

एवढं बोलून त्यांनी स्टोव्ह बंद केला, अर्धी शिजलेली खळ तशीच सोडली आणि भिंत धरून धरून जिना चढून वर गेले. मुलगी बघतच राहिली. पुस्तक फाटेल पण माझा सांधा सुटणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा हा माणूस. अर्धी खळ सोडून उठताना त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ग्रंथपालबाई ओशाळल्या. "मी तक्रार घेऊन आले नव्हते हो. पण समितीत विषय निघालाय. एकाची पाठ गेली म्हणजे बाकी अकराही जाणार, तेव्हा सगळे खंड उसवून मशीनवर बांधायला पाठवा, असं म्हणतात. गुरुवारी ठरेल."

"मशीनवर पाठीकडून कापतात. शिवण जाईल त्यांची."

"ते मला कळतं. त्यांना काय सांगू, ते तुम्ही सांगा."

मुलीनं गुरुवारपर्यंतचा वेळ मागून घेतला. दोष खळीत असेल, तर त्या वर्षी तात्यांनी बांधलेलं सगळंच धोक्यात होतं. आणि दोष खळीत नसेल, तर तो कशात होता?

मंगळवारी तात्या खाली आले नाहीत. तिनं खळ स्वतः शिजवली. चकाकीची वाट बघितली, पण मध्येच दारात कुणीतरी आलं, ढवळणं थांबलं आणि खळीत सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. ती गाळून गाळून वैतागली. दुपारी ताट घेऊन वर गेली तर तात्या खिडकीकडे तोंड करून बसलेले.

"खाली चला की. गुठळ्या झाल्यात."

"शिकशील."

"सत्तेचाळिसाव्या वर्षी?"

"मग आता माझ्या हातची कशाला हवीय? माझी सुटते. बघितलं ना सगळ्यांनी."

"म्हणजे काम तुमचंच, असं म्हणताय?"

तात्या ताटाकडे वळले आणि फार भूक असल्यासारखे दोन घास जेवले. तिसरा काही घेतला नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्यासमोर सातवा खंड ठेवला. नवरा बारकाईनं बघू लागला. कंपाउंडरला बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय असते.

"खळ म्हणजे मैदा. मैद्यात स्टार्च. त्यावर आयोडीन पडलं की निळं होतं," तो म्हणाला. "बटाट्यावर टाकून बघ. रोग शोधायचा तर तपासणी करावी लागते, नुसतं तोंड बघून नाही चालत."

"डॉक्टर झालात की काय?"

"डॉक्टर चुकतात तेव्हा कंपाउंडरच आठवतो लोकांना."

त्यानं दवाखान्याच्या पिशवीतून छोटी बाटली आणि कापसाची काडी काढली. पुस्तकाच्या पानांना हात लावायचा नाही, असं तिनं बजावलं. सुटलेल्या कातड्याची आतली बाजू, आणि पुस्तकाच्या पाठीवरचा जुना तपकिरी कागद, जो नाहीतरी बदलावा लागणार होता, एवढ्यावरच थेंब टाकायचे.

पहिला थेंब कातड्यावर पडला आणि बघता बघता काळानिळा झाला. दुसरा, तिसरा, जिथे टाकावा तिथे निळा. कातड्यावर खळ भरपूर होती, एका हातानं, एकसारखी लावलेली. मग पाठीवरच्या कागदावर थेंब टाकले. ते चहाच्या डागासारखे पिवळट तपकिरी राहिले. फक्त दोन्ही कडांना बोटभर रुंदीची निळी पट्टी उमटली.

नवऱ्यानं बाटलीला बूच लावलं.

"म्हणजे खळ कातड्याला लागली, पण कागदाला पोचलीच नाही," नवरा म्हणाला.

"पोचली नाही असं नाही. पोचेपर्यंत वाळली." तिनं कातडं उजेडाकडे धरलं. "कातड्यावर खळ लावली की ते ओलं असतानाच पाठीवर चढवायचं असतं. कितीही लावा, वाळली की मेली. तात्यांनी लावली आणि थांबले. नंतर फक्त कडा ओल्या करून दाबल्या. बेचाळीस वर्षं हे पुस्तक कडांच्या जिवावर उभं होतं."

"पण थांबले कशाला?"

तेच तर तिला कळत नव्हतं. आग लागली तरी तात्या हातातलं कातडं चढवून मग पाणी आणायला गेले असते. तिनं कातडं पुन्हा तिरकं धरलं. वाळलेल्या खळीच्या चकचकीत थरावर मधोमध एक लांबट खड्डा होता, तळहाताएवढा, आणि त्यात पाच-सहा ताठ काळे केस रुतून बसले होते. तिनं भिंतीवरचा सर्वांत जुना ब्रश काढून त्या खड्ड्यावर ठेवला. नेमका बसला.

"ब्रश आडवा पडला होता," ती हळूच म्हणाली. "कामावरच."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" नवरा म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून पुढचं बोलला नाही.

बुधवारी सकाळी ती ग्रंथालयात गेली. बाकीचे अकरा खंड एका फडताळात ओळीनं उभे होते. तिनं एकेकाच्या पाठीवर नखानं टिचकी मारली. सुटलेली पाठ पोकळ वाजते, चिकटलेली पाठ मुक्यानं ठप्प म्हणते. पहिला ठप्प. दुसरा ठप्प. अकराच्या अकरा ठप्प. एकेक उघडून तिनं सांधे वाकवले, चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघितल्या. सगळे त्याच आठवड्यातले, सातव्याच्या आधीचे आणि नंतरचेही. भांडं तेच, मैदा तोच, ब्रश तोच.

"खळीचा दोष नाही," तिनं ग्रंथपालबाईंना सांगितलं. "तुम्ही स्वतः वाजवून बघा."

बाईंनी वाजवून बघितलं. मग कान लावून पुन्हा वाजवलं. त्यांना त्यात मजा वाटू लागली आणि त्यांनी शेजारच्या फडताळातल्या दोन-चार पुस्तकांनाही टिचक्या मारल्या. "हे मी उद्या समितीपुढे करून दाखवते. पण सातव्याचं काय झालं ते विचारतीलच."

"तेच शोधतेय."

दुकानात परत आल्यावर तिनं सातवा खंड साफ करायला घेतला. मऊ ब्रशनं एकेक पान झटकत होती. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं टेबलावर येत होतं. पुस्तकाला मागे कधीतरी कसर लागली होती; बाहेरच्या कडा कुरतडलेल्या होत्या. एका पानावर तिचा हात थांबला. उजव्या समासात, खालच्या कोपऱ्याशी, आजूबाजूचा कागद कसरीनं खाल्लेला, पण मध्ये अंगठ्याएवढा गोल तुकडा शाबूत. तिनं पान उन्हात तिरकं केलं. तिथे काचेसारखी चकाकी होती. खळीचा ठसा. मोरचुदाची खळ, म्हणून किड्यानं तोंड लावलं नव्हतं.

ठशावर रेषा होत्या, आणि रेषांना आडवा छेदत एक व्रण. तात्यांच्या अंगठ्यावर सुरीनं झालेला तोच व्रण, जो तिनं लहानपणी किती वेळा चाचपून बघितला होता.

तिनं पान उलटलं. पुढेही ठसा. त्याच्या पुढेही. सहा पानं, सहा ठसे. शेवटच्या पानावरचा ठसा अर्धवट आणि कोरडा. मग एकही नाही.

आता मात्र तिनं नियम मोडला. पहिल्या ठशाच्या पानावर मथळा काय आहे ते वाचलं. मथळा होता: देवमासा.

ती खुर्चीत टेकली. मग तोंडावर हात ठेवून एकटीच हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. खंड काखेत मारून ती वर गेली.

तात्या खिडकीशीच होते.

"तात्या, अंगठा बघू."

"कशाला?"

"बघू तर द्या."

तिनं त्यांचा हात धरून पानावरच्या ठशाशेजारी टेकवला. तात्यांनी ठसा बघितला, व्रण बघितला, मग मुलीकडे बघितलं. लहान मुलाच्या खिशातून चोरलेली गोटी निघावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"दुकान माझंच होतं तेव्हा," ते शेवटी म्हणाले. "मला कोण विचारणार होतं? तरी मी दार लोटून घेतलं होतं."

"वाचता केव्हापासून यायचं तुम्हाला? आई तर म्हणायची, चिठ्ठीवरचा आकडा आणि तारीख सोडून तुम्हाला काही येत नाही."

"उस्तादांनी मला ठेवला तोच वाचता येत नाही म्हणून. वाचणारा पोरगा नको, घड्या भराभर व्हायला पाहिजेत, म्हणाले. मग मी सांगतो कशाला? खराब फर्मे टाकून देत ना, त्यांवरून जुळवत जुळवत शिकलो. अक्षर अक्षर लावून. पण नियम पाळला हां. बांधायला आलेलं कधी वाचलं नाही." ते थांबले. "त्या दिवशी तेवढं उघडं राहिलं. चित्र होतं. एवढा मोठा मासा, आणि खाली लिहिलेलं की तो मासाच नाही. म्हटलं, हे काय? मासा नाही तर कोण? कातड्यावर खळ लावून झाली होती. ब्रश हातात होता."

"आणि ठेवलात."

"ठेवला असेल. मला कुठे कळलं? त्याचं दूध, त्याची पोरं, त्याचा श्वास. पाण्यात राहतो आणि श्वास हवेतला घेतो! मग पानाच्या शेवटी लिहिलेलं, आता तो झोपतो कसा ते पाहू. बरोबर आहे ना? झोपला तर बुडेल. बुडला नाही तर झोपणार कसा? मी पान उलटणार, तोच दारावर थाप. ग्रंथालयाचा शिपाई, हातगाडी घेऊन. बघतो तर खळ वाळून कडक, ब्रश चिकटलेला. काय करणार? कडा बोटानं ओल्या केल्या आणि शिकंज्यात घातलं. तासाभरानं तो घेऊन गेला."

"नंतर ग्रंथालयात जाऊन वाचायचं होतं की."

"गेलो होतो. दोनदा गेलो. ते विचारतात, कितवा खंड? सातवा म्हणायला जीभ उचलेना. म्हटलं, मी मागितला आणि त्यांनी पाठ चाचपून बघितली तर?" त्यांनी पुस्तकाच्या उघड्या पाठीवरून हात फिरवला. "चोराच्या मनात चांदणं. परवा बाईंनी कापड सोडलं तेव्हा आत काय आहे ते मला आधीच कळलं. आणि तुला मी जन्मभर पट्टी आपटून दाखवली. कोणत्या तोंडानं स्टुलावर बसू?"

मुलगी त्यांच्याशेजारी टेकली. मग ती म्हणाली, "बाकीचे अकरा मी आज वाजवून आले. सगळे ठप्प वाजतात."

"सगळे?"

"सगळे. समितीला तसं कळवायचंय. आणि सातवा उद्या परत द्यायचाय. माझ्या खळीत गुठळ्या होतात." तिनं पुस्तक मिटायच्या आधी शेवटच्या ठशाच्या पानावर बोट ठेवलं. "पुढचं पान वाचून दाखवू?"

तात्यांचे डोळे पानावर गेले. ओठ हलले. मग त्यांनी तिच्याच हातानं पुस्तक मिटवलं.

"आधी चिकटव," ते म्हणाले. "एकदा हाच घोटाळा झालाय."

ते भिंत धरत खाली आले आणि स्टुलावर बसले. खळ शिजली. तिनं पाठीवरचा जुना कागद ओला करून काढला, नवा लावला, कातड्यावरची मेलेली खळ ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडली. मग नव्या खळीचा हात दिला, कातडं मऊ होऊन ती खळ पिईपर्यंत थांबली, दुसरा हात दिला. तात्या एकेक क्षण मोजत होते.

"आता. आता चढव. इकडे तिकडे बघू नकोस."

"बघत नाहीये."

"दारात कोण आहे?"

"कोणी नाहीये, तात्या. तुम्हीच बघताय."

कातडं पाठीवर बसलं, हाडाच्या पट्टीनं सांधे दाबले गेले, ब्रश खिळ्यावर गेला. शिकंज्याचं चाक तात्यांनी स्वतःच्या कापऱ्या हातांनी फिरवलं. आता सकाळपर्यंत उघडायचं नाही. दिवेलागणीपर्यंत ते शिकंज्याशेजारी असे बसून होते, जसं कुणी दवाखान्यात आपल्या माणसाच्या उशाशी बसतं. जावई कामावरून आला आणि दारातच थबकला.

"पेशंट कसा आहे?"

"झोपलाय," तात्या म्हणाले. "कसा झोपलाय ते उद्या कळेल."

गुरुवारी सकाळी शिकंजा सैल केला. तिनं पाठीवर टिचकी मारली. ठप्प. पुस्तक उघडून सांधा वाकवला, तो हूं की चूं न करता वाकला. मग ती सहाव्या ठशाच्या पानावर आली, पान उलटलं आणि पुस्तक तात्यांसमोर सरकवलं.

"तुम्हीच वाचा."

तात्यांनी चष्मा नाकावर चढवला. बोट ओळीवर ठेवून, अक्षरं जोडत, सावकाश वाचू लागले. "देव...मासा... पाण्याच्या पृष्ठ...भागाजवळ... तरंगत विसावा घेत... असावा, असे खलाशी... सांगतात. परंतु तो नेमका कसा झोपतो... याविषयी अद्याप... निश्चित माहिती... उपलब्ध नाही."

मुलीनं धास्तावून त्यांच्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षं ज्या पानासाठी जीव टांगला, त्यावर हे!

तात्यांचे खांदे हलू लागले. मग ते इतके हसले की चष्मा गळ्यात आला. "पुस्तकालाच ठाऊक नाही!" ते म्हणाले. "अगं, मी समजत होतो, मी एकटाच राहिलोय. मला वाटायचं, सगळ्या जगानं पान उलटून बघितलंय!"

ग्रंथपालबाई दुपारी आल्या तेव्हा ते स्टुलावर बसून खळ ढवळत होते. समितीपुढे अकरा खंड टिचक्या मारून वाजवण्यात आले होते आणि उसवायचं रद्द झालं होतं. अध्यक्षांनी प्रत्येक खंड दोनदा वाजवून बघितला, असं बाईंनी सांगितलं. सातव्याचं काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मुलीनं तात्यांकडे बघितलं.

"बांधणारा वाचत बसला होता," तात्या ढवळता ढवळता म्हणाले. "लिहून ठेवा हवं तर."

बाईंना हे कसं घ्यावं कळेना, पण त्या हसल्या. खंड कापडात गुंडाळून त्या पायरी उतरू लागल्या तेव्हा मागून हाक आली.

"अहो, जाता जाता एक सांगा."

"देवमासा ना?" बाई वळून म्हणाल्या. आता त्यांनाही तो विनोद पाठ झाला होता.

"हो. पण असं विचारतो, की ह्या खंडानंतर छापलेलं एखादं पुस्तक आहे का तुमच्याकडे? म्हणजे त्यांना ह्या बेचाळीस वर्षांत काही कळलं असलं तर."

बाई विचारात पडल्या. "आहे. दोन आहेत. पण ती घरी देत नाही. तिथे येऊन वाचावी लागतील."

तात्यांनी मुलीकडे बघितलं. तिनं खिळ्यावरची छत्री आधीच काढली होती.

"थांबा, येतो तुमच्याबरोबर," तात्या म्हणाले आणि पुन्हा भांड्यावर वाकले. "पण ही चकाकी येऊ द्या. अर्ध्यावर टाकून नाही उठायचं."